शोधकांना जाब: एमवाय, मुलकोवाल आणि मागचे काही खटले

राजेंद्र नगरातून एबी रोड धरला, भंवरकुआ आणि नवलखा मागे टाकलं की थोड्याच वेळात एमवाय येतं. महाराजा यशवंतराव इस्पितळ हे पूर्ण नाव पाटीवर आणि सरकारी कागदांवर. आमच्या इंदुरी मराठी घरांत ‘एमवायला नेलं’ म्हटलं की ऐकणारा दोनच गोष्टी समजतो: दुखणं हाताबाहेर गेलंय, किंवा खाजगी दवाखाना आता परवडत नाही. धार, झाबुआ, खरगोनकडून येणाऱ्यांना तर एवढाही पर्याय नसतो. त्यांच्यासाठी मोठं इस्पितळ म्हणजे हेच.

याच इस्पितळात सात वर्षांत ७३ औषधचाचण्या झाल्या. त्यांत सुमारे ३,३०० रुग्ण होते आणि त्यांतली १,८३३ लहान मुलं होती. हे आकडे बाहेर यायला २०१० साल उजाडावं लागलं. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे डॉ. आनंद राय यांनी माहितीच्या अधिकारात कागद मागवायला सुरुवात केली, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी केली. डॉ. राय यांची महाविद्यालयातली नोकरी गेली. चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं असं की सगळं नियमानुसार झालं, संमती घेतली होती, परवानग्या होत्या. जानेवारी २०१२ मध्ये लहान मुलं आणि मनोरुग्ण यांच्यावरच्या चाचण्यांच्या प्रकरणात राज्य सरकारनं १२ डॉक्टरांना दंड केला. प्रत्येकी ५,००० रुपये.

पाच हजारांचा तो आकडा तेव्हा आमच्याकडे चेष्टेचा विषय झाला होता. पण रक्कम वाढवून प्रश्न सुटला असता असं मला वाटत नाही. नव्या वाटेनं निघालेल्या माणसानं, मग तो समुद्र ओलांडणारा असो की नवं औषध टोचणारा, वाटेत कोणाचं नुकसान केलं तर त्याला जाब विचारायची पद्धत जगात पाचशे वर्षांपासून आहे. खटले झाले आहेत, बेड्या पडल्या आहेत, कमिशनं बसली आहेत. तो सगळा इतिहास चाळला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: नुकसान झालं का, आणि ते कशामुळे झालं, हे ठरवायचा अधिकार बहुतेक वेळा शोधकाच्या बाजूच्याच माणसांकडे राहिला आहे. इंदूरचं प्रकरण या रांगेत ठेवून पाहण्यासारखं आहे.

सुरुवात कोलंबसापासून करावी लागते, कारण बेड्या घातलेला सर्वांत प्रसिद्ध शोधक तोच. ऑगस्ट १५०० मध्ये फ्रान्सिस्को दे बोबादिया हा स्पेनच्या राजाराणीचा अधिकारी सांतो दोमिंगोला उतरला. त्यानं कोलंबस आणि त्याच्या दोन भावांना अटक केली आणि साखळदंड घालून स्पेनला धाडलं. बोबादियाचा चौकशी अहवाल कित्येक शतकं दृष्टीआड होता. तो सिमांकासच्या दफ्तरखान्यात सापडला आणि २००६ मध्ये कोन्सुएलो वारेला या इतिहासकार बाईंनी प्रसिद्ध केला. त्यात साक्षी आहेत त्या स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या. आमच्या माणसांना खटल्याशिवाय फाशी दिलं, धान्य अडवून ठेवलं, क्षुल्लक कारणावरून फटके मारले, अशा त्यांच्या तक्रारी. ज्यांची बेटं गेली आणि ज्यांना गुलाम म्हणून विकलं त्या ताइनो लोकांपैकी फिर्यादी कोणी नाही. त्यांचा उल्लेख येतो, तोही कोलंबसानं धन्याच्या धोरणाविरुद्ध वागून काय केलं हे दाखवायला. राजानं कोलंबसाला सोडून दिलं. सुभेदारी गेली, पण १५०२ मध्ये तो चौथ्या सफरीवर निघाला.

त्याच साली आपल्या किनाऱ्याकडे काय चाललं होतं? वास्को द गामा दुसऱ्यांदा हिंदुस्थानकडे आला आणि मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ‘मिरी’ हे जहाज त्यानं माणसांसकट जाळलं. शेकडो माणसं होती, बायका-मुलं होती. याबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही. १५२४ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन परत आला, कोचीनला वारला, आणि गोव्यातल्या एका शहराला त्याचं नाव आजही आहे. पोर्तुगीज आपल्या माणसांवर खटले भरतच नव्हते, असंही नाही. गव्हर्नर लोपो व्हाझ दि सांपायो याला १५२९ मध्ये नव्या गव्हर्नरानं अटक करून लिस्बनला पाठवलं, तिथे तुरुंगवास झाला, खटला चालला. आरोप काय, तर पेरु मास्करेन्यास या दुसऱ्या सरदाराचं पद त्यानं बळकावलं. गोवेकरांचं काय झालं हा मुद्दा त्या कागदात बसतच नव्हता.

पुढच्या शतकांत भाषा सुधारली. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला आणि तो निर्दोष सुटला. हेस्टिंग्ज शोधक नव्हता, म्हणून त्याला इथेच सोडतो. एडवर्ड आयरचं प्रकरण मात्र थेट आपल्या विषयातलं. १८४०-४१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा पायी तुडवणारा हा संशोधक. वायली नावाचा आदिवासी साथीदार शेवटपर्यंत बरोबर होता म्हणून आयर जगला. तिथल्या विराट खाऱ्या सरोवराला आयरचं नाव मिळालं. पुढे तो जमैकाचा गव्हर्नर झाला आणि ऑक्टोबर १८६५ मध्ये तिथला उठाव त्यानं असा चिरडला की चारशेहून अधिक माणसं मेली. जॉर्ज विल्यम गॉर्डन या विधिमंडळाच्या सदस्याला लष्करी कायद्याखाली फासावर चढवलं. लंडनमध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं समिती काढून आयरवर खुनाचा खटला भरायची खटपट केली. डार्विन आणि हक्सले मिलच्या बाजूला, कार्लाइल आणि डिकन्स आयरच्या. एवढी मोठी नावं दोन्हीकडे असूनही खटला उभा राहिलाच नाही. ग्रँड ज्युरीनं आरोप मान्य केले नाहीत आणि काही वर्षांनी आयरला पेन्शन मिळालं.

नकाशे पूर्ण होत आले तसे शोधक शरीराच्या आत शिरले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हैजा, प्लेग, मलेरिया यांच्या मागे लागलेली माणसं पूर्वीच्या दर्यावर्दींइतकीच धाडसी होती, आणि त्यांच्या धाडसाची किंमतही पुष्कळदा दुसऱ्यांनीच मोजली. आपल्याकडचा या विषयातला सर्वांत तपशीलवार खटला याच काळातला आहे. तो कोर्टात झाला नाही, कमिशनपुढे झाला.

वाल्डेमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसात जन्मला. हैज्याची लस त्यानं १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचली. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. विएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही आठवड्यांत हाफकिन मुंबईत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ती वापरली गेली. ते कैदी स्वेच्छेनं पुढे आले असं नमूद आहे. तुरुंगात स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता.

पुण्यात त्याच वर्षी प्लेगच्या नावाखाली दुसराच प्रकार चालला होता. रँडसाहेबाचे सोल्जर घरं फोडून झडत्या घेत होते. त्या कारवाईनं लोकांचं जे झालं त्याचा खटला कोणी चालवला नाही. खटले चालले ते चापेकरांवर आणि टिळकांवर. हाफकिनची लस याच वातावरणात लोकांपुढे येत होती हे विसरता येत नाही.

मग मुलकोवाल. पंजाबातलं गाव, आज पाकिस्तानात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली. ‘५३-एन’ असा क्रमांक असलेल्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली ते एकोणीसच्या एकोणीस धनुर्वातानं मेले. बाकीच्यांना काही झालं नाही. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं. त्याचा निष्कर्ष असा की बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतून निघण्याआधीच दूषित झाली होती. हाफकिननं लसीतलं कार्बोलिक ॲसिड वगळून निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भर दिला होता, हे त्याच्याविरुद्ध गेलं. पद गेलं, पगार थांबला, तो युरोपात परतला.

पण तपशिलात एक गोष्ट होती. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वाळेवर न धरता नुसत्या कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरला गेला. दुसरी गोष्ट वासाची. बाटली उघडण्याच्या ४१ दिवस आधी भरली होती. धनुर्वाताचे जंतू त्यात एवढे दिवस वाढत असते तर झाकण काढताच घाण सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरानं ती हुंगली होती आणि त्याला वास आला नव्हता. हे मुद्दे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रं लिहून लावून धरले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. फ्रान्समधल्या ज्यू अधिकाऱ्यावरच्या अन्यायी खटल्यावरून लोक या प्रकरणाला ‘छोटं ड्रेफस प्रकरण’ म्हणत, कारण हाफकिन ज्यू होता आणि इंग्रज वैद्यकीय सेवेत त्याला परकाच मानत. तो परतला तो कलकत्त्याला, मुंबईच्या प्रयोगशाळेची सूत्रं त्याच्याकडे पुन्हा आली नाहीत. परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्याचं नाव १९२५ मध्ये मिळालं.

हाफकिनवर अन्याय झाला यात शंका नाही. तरी या प्रकरणाकडे मला वेगळ्या कारणानं पाहावंसं वाटतं. शोधकाच्या हातून झालेल्या नुकसानीची इतकी कसून चौकशी आपल्याकडे दुसरी कुठली झाल्याचं मला आठवत नाही. बाटलीचा क्रमांक, भरण्याची तारीख, चिमटा, वास, सगळं नोंदलं गेलं. ते शक्य झालं कारण मेलेले एकोणीस जण लस घेईपर्यंत धडधाकट होते, आणि सगळे एकाच रोगानं, एकाच आठवड्याच्या आसपास गेले. कारण लपवायला जागाच नव्हती. वाद होता तो फक्त कोणाच्या हातून, एवढाच.

एमवायमध्ये नेमकं उलट होतं. तिथला रुग्ण आधीच आजारी. हृदय बंद पडत आलेल्या माणसाला नवं औषध दिलं आणि तो गेला, तर तो औषधानं गेला की हृदयानं? औषधाचा काही संबंध नाही असं म्हणायला डॉक्टरला फार खोटं बोलावं लागत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते खरं आहे हे कोण सांगतंय, तर ज्यानं औषध दिलं तोच. त्याचा अहवाल जातो प्रायोजक कंपनीकडे, तिचं मत जातं एथिक्स कमिटीकडे, आणि ती कमिटी बहुतेक ठिकाणी त्याच संस्थेची, त्याच कॉरिडॉरमधल्या सहकाऱ्यांची.

२०१३ मध्ये केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात जे आकडे दिले ते या दृष्टीनं वाचावेत. जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या, ५७,३०३ लोकांनी भाग घेतला, २,६४४ मृत्यू झाले. त्यांतले ८० चाचणीमुळे झाले असं ठरवण्यात आलं. मृत्यू वगळता ११,९७२ गंभीर घटना, त्यांतल्या ५०६ चाचणीमुळे. बाजारात आली १७ औषधं. ८० हा आकडा खोटा आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. कर्करोगाच्या आणि हृदयविकाराच्या चाचण्यांत माणसं रोगानंच मरतात. पण २,५६४ मृत्यूंचा औषधाशी संबंध नाही हे सांगणाऱ्यांत मेलेल्यांच्या बाजूचं कोणी नव्हतं, एवढं नक्की सांगता येतं.

ही आकडेवारी कोर्टात आली ती इंदूरमुळे. स्वास्थ्य अधिकार मंच या इथल्या संघटनेनं अमूल्य निधी यांच्या पुढाकारानं २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात रिट याचिका दाखल केली. क्रमांक ३३. जानेवारी २०१३ च्या सुरुवातीला न्या. लोढा आणि न्या. दवे यांच्या खंडपीठानं सरकारला झापलं आणि चाचण्यांवर थेट आरोग्य सचिवांची देखरेख लावली. त्या महिन्याअखेर नुकसानभरपाईचा नियम आला, फेब्रुवारीत एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली. २१ ऑक्टोबर २०१३ च्या आदेशात मंजूर झालेल्या १६२ चाचण्या पुन्हा तपासायला सांगितल्या. तपासायचं काय? जोखमीच्या मानानं फायदा किती, आताच्या उपचारांपेक्षा यात नवं काय, आणि देशाच्या रुग्णांना याची गरज आहे का. संमती घेताना दृक्-श्राव्य चित्रण करण्याचा आदेशही त्याच काळातला. मार्च २०१९ मध्ये नवी औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमावली आली आणि यातलं बरंच तिच्यात गेलं.

सन २००९ मधली एक घटना परदेशी बातमीपटातून पुढे बाहेर आली. एका दलित कुटुंबानं सासूला छातीत दुखतं म्हणून एमवायला नेलं. सुनेनं नंतर सांगितलं ते असं: एरवी आम्हाला पाच रुपयांची चिठ्ठी देऊन वाटेला लावतात, त्या दिवशी डॉक्टर म्हणाले की सव्वा लाखाचं परदेशी औषध फुकट देतो. कुटुंबानं मान डोलावली. घरच्यांना वाचता येत नव्हतं. थोड्या दिवसांनी बाई गेल्या. शवविच्छेदन झालं नाही. औषध बनवणाऱ्या कंपनीनं पुढे त्या औषधाच्या चाचण्या थांबवल्या, कारण काही रुग्णांना झटके येत होते. त्या बाईंचा मृत्यू औषधामुळेच झाला असं मी म्हणत नाही. कोणालाच म्हणता येणार नाही, आता तर कधीच नाही. मुलकोवालची बाटली जपून ठेवली गेली होती. इथे तपासायला काहीच मागे राहिलं नाही.

फौजदारी खटला का उभा राहिला नाही, हे लोक विचारतात. कायद्यानं बघितलं तर वाट अवघड आहे. निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्याचं कलम डॉक्टरला लावायचं तर साधी चूक पुरत नाही, ढोबळ आणि घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, असं सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं आहे. ते बरोबरच आहे. नाही तर प्रत्येक अवघड शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पोलीस चौकीत बसलेला दिसेल. पण निष्काळजीपणा दाखवायच्या आधी मृत्यूचं कारण दाखवावं लागतं, आणि आपण पुन्हा त्याच जागी येतो.

जगात इतरत्रही फार वेगळं दिसत नाही. न्यूरेंबर्गला डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ या काळात माणसांवरच्या प्रयोगांबद्दल २३ जणांवर खटला चालला, १६ दोषी ठरले, सात फासावर गेले. तो पराभूत देशाच्या डॉक्टरांवरचा खटला होता. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता बघत बसणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. नायजेरियातल्या कानो इथं १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत फायझरनं मुलांवर ट्रोव्हन हे औषध वापरून पाहिलं. अकरा मुलं दगावली. २००९ मध्ये राज्य सरकारशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीनं दोष मान्य केला नाही.

आता महाराष्ट्रातलं एक प्रकरण, ज्यावर माझं मत मला स्वतःलाच पुरतं पटत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी सुरू केली. दीड लाखाहून जास्त बायका होत्या. अर्ध्यांची व्हिनेगर लावून तपासणी होई, अर्ध्यांना आरोग्यशिक्षण मिळे पण तपासणी नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, इथंही अशीच चाचणी झाली, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं. तिथे १,३१,७४६ बायकांची नोंद होती. निकाल मोठे निघाले. धाराशिवच्या अभ्यासानं दाखवलं की एचपीव्हीची एकच तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी करते. मुंबईच्या अभ्यासानं दाखवलं की साधं व्हिनेगर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करतं, आणि ते एक आरोग्यसेविकाही करू शकते.

पण ज्यांची तपासणी केली नाही त्यांचं काय? मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल या तिन्ही अभ्यासांत मिळून तपासणीविना ठेवलेल्या बायकांत या कर्करोगानं २५४ मृत्यू झाले. अमेरिकन डॉक्टर एरिक सुबा यांनी तक्रार केली की पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत होतं, मग या बायकांना मोकळं का सोडलं? अमेरिकन सरकारच्या देखरेख कार्यालयानंही मुंबईतल्या बायकांना पुरेशी माहिती दिली नव्हती असं म्हटलं. संशोधकांचं उत्तर असं की भारतात तेव्हा कुठल्याच तपासणीची सोय नव्हती. आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही, आणि हा पुरावा नसता तर सरकारनं कधीच कार्यक्रम हाती घेतला नसता.

हे उत्तर मला अर्धं पटतं. या चाचण्यांनी पुढच्या बायका वाचू शकतात हे खरं. पण माझ्या घरची कोणी त्या दुसऱ्या गटात असती, तर मला ते पटलं असतं का? इथे कोणी औषध टोचलं नाही, कोणाचं काही बिघडवलं नाही. नुकसान झालं ते न केलेल्या गोष्टीमुळे, आणि न केलेल्या गोष्टीसाठी कोणाला पिंजऱ्यात उभं करायचं याचं शास्त्र अजून नीट बनलेलं नाही.

आमच्या राजेंद्र नगरात औषधकंपन्यांत नोकरी करणारी घरं पुष्कळ आहेत, पीथमपूर जवळ असल्यामुळे. शेजारच्या मुलापाशी हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “काका, तुम्ही रोज बीपीची गोळी घेता ना? तीही कोणावर तरी तपासूनच आली. चाचण्या बंद करून काय मिळालं?” चाचण्या बंद झाल्या नाहीत, पण २०१३ नंतर मंजुऱ्या एकदम रोडावल्या आणि परदेशी कंपन्यांनी पाय मागे घेतला हे खरं. संशोधन करणारे प्रामाणिक डॉक्टरही वैतागले. नुकसानभरपाईच्या पहिल्या नियमात औषधानं गुण आला नाही तरी पैसे द्यावे लागतील असं वाचता येत होतं. तो भाग पुढे सुधारावा लागला. त्या मुलाचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त ती गोळी ज्यांच्यावर तपासली त्यांच्यापैकी कोणाला त्रास झाला, तर तो कोणी मोजला हे मला जाणून घ्यायचं आहे.

नियमावलीत नुकसानभरपाईचं एक सूत्र आहे. ते एकदा सावकाश वाचण्यासारखं आहे. आठ लाख रुपये ही पायाभूत रक्कम. तिला वयाच्या गुणकानं गुणायचं, मग जोखमीच्या गुणकानं, आणि आलेल्या संख्येला ९९.३७ नं भागायचं. वयाचा गुणक कामगार नुकसानभरपाईच्या तक्त्यातला: सोळा किंवा कमी वयासाठी २२८.५४, पासष्ट किंवा जास्त वयासाठी ९९.३७. जोखमीचा गुणक धडधाकट स्वयंसेवकासाठी ४, सहा महिन्यांहून जास्त जगणार नाही अशा रुग्णासाठी ०.५. म्हणजे सोळा वर्षांचा निरोगी मुलगा गेला तर ७३ लाखांहून जास्त, पासष्टीचा अत्यवस्थ म्हातारा गेला तर चार लाख. महिनाभरात मृत्यू जवळपास अटळ मानला असेल तर सरळ दोन लाख. कोर्टकचेऱ्यांत अशी गणितं लागतात आणि नसण्यापेक्षा हे असलेलं बरं. पण एमवायसारख्या ठिकाणी येणारे बहुतेक लोक शेवटच्या क्षणी येतात, आणि सूत्राच्या खालच्या टोकाला बसतात.

कारण ठरवायची पद्धत मात्र मूळची फार बदललेली नाही. गंभीर घटना घडली की चोवीस तासांत डॉक्टरनं कळवायचं. चौदा दिवसांत डॉक्टर आणि कंपनी यांनी आपलं विश्लेषण द्यायचं. तीस दिवसांत एथिक्स कमिटीनं मत द्यायचं. मग मृत्यू असेल तर तज्ज्ञ समिती बघते आणि औषध महानियंत्रक निर्णय देतात. म्हणजे वरच्या पायरीवर आता बाहेरचे लोक आहेत, ही सुधारणा मोठी आहे. पण त्यांच्यापुढे येतो तो कागद खालच्या पायरीवर लिहिलेला.

डिसेंबर २०२० मध्ये भोपाळला याचा प्रत्यय आला. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात आसपासच्या वस्त्यांतली माणसं आणली गेली, त्यांत गॅसपीडितही होते. आपण चाचणीत आहोत हे आम्हाला सांगितलंच नाही, साडेसातशे रुपये मिळतील आणि लस मिळेल एवढंच कळलं, असं काहींनी नंतर सांगितलं. संस्थेनं हे नाकारलं. १२ डिसेंबरला डोस घेतलेला एक मजूर २१ तारखेला वारला. तिथे शवविच्छेदन झालं होतं, म्हणून निदान वाद घालायला काही हाती होतं: अहवालात विषबाधेचा संशय होता आणि कंपनीनं मृत्यूचा लसीशी संबंध नाही असं सांगितलं. घरच्यांचा विश्वास बसला की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्यांना एक कागद तरी मिळाला.

मृत्यूच्या अहवालाच्या नमुन्यात शवविच्छेदनाचा अहवाल जोडायला सांगितलं आहे, पण झालं असेल तरच. झाबुआहून आलेल्या घराला अंधार पडायच्या आत माणूस गावी न्यायचा असतो. पोस्टमॉर्टेमला ते आपणहून हो म्हणणार नाहीत, आणि त्यांना तसं विचारणारंही कोणी नसतं. चाचणीतल्या प्रत्येक मृत्यूचं शवविच्छेदन व्हावं, घरच्यांना गाडी आणि खर्च कंपनीनं द्यावा, आणि तपासणी ज्या महाविद्यालयात चाचणी झाली तिथे न होता दुसऱ्या शहरात व्हावी. इंदूरहून भोपाळ साधारण चार तासांवर आहे, नमुने त्याच दिवशी पोचतात.